मालिंदीचा अनाम वाटाड्या

आपल्या धर्मग्रामांचा इतिहास लिहिताना आम्ही बहुधा एका जहाजापासून प्रारंभ करतो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि पुढे त्याच सागरी वाटेने मिशनरी गोव्यात व वसईत उतरले, असा तो क्रम. ते जहाज अरबी समुद्रापार आणणारा मनुष्य मात्र आमच्या लेखनात क्वचितच येतो. त्याची व गामाची गाठ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मालिंदी बंदरात पडली.

१४ एप्रिल १४९८ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या सायंकाळी, पोर्तुगीज गलबतांनी तेथे नांगर टाकले. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ध्रुवतारा दिसत नाही. म्हणून माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून कोष्टकांच्या साहाय्याने अक्षांश काढण्याची विद्या पोर्तुगालने जोपासली होती. अशा कोष्टकांचा थोर कर्ता अब्राहाम झाकुतो हा ज्यू पंडित होता. त्याचा हिब्रू ग्रंथ लॅटिनमध्ये उतरून १४९६ साली लैरिया येथे छापला गेला. त्याच वर्षी राजा मानुएलने ज्यूंना देशत्यागाचा हुकूम दिला.

मालिंदीच्या सुलतानाने गामाला वाटाड्या दिला. तोही सुखासुखी मिळाला नाही. सुलतानाचा एक विश्वासू सेवक गामाने अडकवून ठेवला होता. पुढची हकीकत जुआंव द बारोस या इतिहासकाराने १५५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. गामाने मोठ्या ऐटीत आपले लाकडी ॲस्ट्रोलेब दाखविले. वाटाड्याला त्याचे नवल वाटले नाही. तांबड्या समुद्रातील नावाडी अशा साधनांनी सूर्य व तारे मोजतात, असे तो म्हणाला. त्याने हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा नकाशा उलगडला आणि आपल्या लाकडी फळ्याही दाखविल्या. अशा फळीला गाठी मारलेली दोरी असे. ठरावीक गाठ दातांत धरून फळीची खालची कड क्षितिजाला व वरची ध्रुवाला लावली, की अक्षांश कळे. या विद्येचेही ग्रंथ होते. अरब नाविक अहमद इब्न माजिद याने आपला मोठा ग्रंथ १४९०च्या सुमारास सिद्ध केला होता.

हा वाटाड्या कोण? गामाच्या ताफ्यातील रोजनिशीकार त्याला ख्रिस्ती समजला. बारोस त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो. तो इब्न माजिदच होता, हे मत दीर्घकाळ रूढ होते. अभ्यासक आता ते मानीत नाहीत. बारोसने दिलेले ‘मालेमो काना’ हे नाव तर नावच नव्हे. ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक, जहाजाचा मार्गदर्शक. आणि ‘काना’ म्हणजे आपला ‘गणक’. एक पदवी अरबी, दुसरी भारतीय. माणसाचे नाव हरपले, विद्या तेवढी उरली.

२४ एप्रिलला जहाजे निघाली. २९ तारखेस रविवारी ध्रुवतारा पुन्हा दिसू लागला, याची रोजनिशीत आवर्जून नोंद आहे. तेवीस दिवस जमीन दिसली नाही. १८ मे रोजी मलबारचे डोंगर दिसले आणि २० मे रोजी जहाजे कालिकतपुढे पोहोचली.

पुढचे सांगताना लेखणी अडखळते. १५०२ साली दुसऱ्या सफरीत याच गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज स्त्रियांसह जाळले. वाटाड्याच्या धर्मबांधवांना मिळालेली ही परतफेड होती. आम्हांस श्रद्धा लाभली ती याच वाटेने. म्हणून या दोन्ही गोष्टी आमच्या इतिहासात शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत, एकीच्या आड दुसरी लपवून चालणार नाही.

प्रकटीकरणाच्या सणाला आम्ही पूर्वेकडील ज्ञानी लोकांचे वाचन करतो. मत्तयाने त्यांची नावे दिलेली नाहीत. ते तारा पाहून निघाले, एवढेच सांगितले आहे. तरी गव्हाणीपाशी त्यांची जागा आपण कधी चुकवीत नाही. मालिंदीच्या त्या गणकालाही आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासात, पहिल्याच पानावर, एक ओळ मिळावी.