बदकाच्या पंजासारखे ‘वेब्ड ग्लव्हज’ स्कूबा डायव्हिंगसाठी घ्यावेत का?

सुट्ट्या लागल्या की नाशिकहून अनेक कुटुंबं मालवण-तारकर्ली गाठतात. स्कूबा डायव्हिंग किंवा स्नॉर्कलिंगचा बेत ठरला की ऑनलाइन खरेदी सुरू होते. तेव्हा बोटांमध्ये पडदा असलेले हातमोजे, म्हणजेच ‘वेब्ड ग्लव्हज’ही समोर येतात. ते घातले की पाण्यात वेगाने पुढे जाता येतं, असं सांगितलं जातं. यात तथ्य किती?

वेग वाढतो, पण...

पडद्यामुळे तळहाताचं क्षेत्रफळ वाढतं आणि जास्त पाणी मागे ढकललं जातं. त्याच वेळी खांद्यावर आणि मनगटावर ताणही जास्त येतो. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकात, लहानपणी, हातात धरायच्या लंबगोल लाकडी फळ्या बनवल्या होत्या. त्यांचा वेग वाढला, पण मनगटं थकली, असं त्यांनीच नंतर लिहिलं.

स्कूबामध्ये हातांचं काम वेगळं

डायव्हर पुढे जातो तो पायातल्या फिन्समुळे. मांड्यांचे मोठे स्नायू लवकर थकत नाहीत. हात मारत राहिलं तर दम लागतो, श्वास वाढतो आणि सिलिंडरमधली हवा लवकर संपते. म्हणूनच हात शरीराजवळ स्थिर ठेवायला शिकवतात.

हात मोकळे लागतात ते इतर कामांसाठी. नाक दाबून कानांवरचा दाब कमी करणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबणं आणि खुणा करणं. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, तर ‘वर चला’ असा होतो! बोटं पडद्यात अडकली तर ही कामं अवघड होतात. पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्या पर्यटकाला तर प्रशिक्षकच धरून नेतो.

स्नॉर्कलिंगचं काय?

फिन्स असतील तर या हातमोज्यांची गरज नाही. फिन्स नसतील तर वळताना किंवा थोडं अंतर कापताना थोडीफार मदत होते.

प्रवाळांनाही धोका

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. हातमोजे घातले की ‘आपल्याला लागणार नाही’ असं वाटून लोक बिनधास्त प्रवाळांना हात लावतात. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर तर डायव्हर्सना हातमोजे घालायलाच बंदी आहे.

मग ते कुणासाठी?

पोहण्याचा सराव आणि पाण्यातले व्यायाम करणाऱ्यांसाठी. नाशिकच्या सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी, प्रशिक्षकाला विचारून, हातांची ताकद वाढवायला ते वापरता येतील.

मालवणला जाताना मात्र खर्च करायचाच असेल, तर चेहऱ्यावर नीट बसणाऱ्या मास्कवर करा.