गुंठा आणि आर

जमीन मोजायची म्हणजे आधी लांबी मोजायची. शिवकाळात ती काठीनं मोजत. काठी ५ हात आणि ५ मुठींची. २० काठ्या लांब, २० काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर.

पुढं कंपनी सरकार आलं. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात पाहणी सुरू केली. मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी रूढ झाली. साखळीचे आणे १६, गुंठ्याचेही आणे १६. रुपया-आण्याचाच हिशेब, म्हणून तो लोकांच्या तोंडी बसला. ३३ फूट लांब-रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

१९५६ साली संसदेनं मेट्रिक मापांचा कायदा केला आणि कालांतरानं सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. १० मीटर लांब-रुंद तो आर. १०० आरांचा हेक्टर.

‘आर म्हणजे आपला गुंठाच की!’ असं आजही सर्रास ऐकू येतं. वरवर ते खरंही वाटतं. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. १० मीटरपेक्षा जेमतेम तीन बोटं जास्त. पण ही तीन बोटं लांबीतही धरावी लागतात आणि रुंदीतही. म्हणून आर १०० चौरस मीटर, तर गुंठा १०१.१७. हेक्टरात आर १००, पण गुंठे ९८.८४च. सातबाऱ्यावर एक हेक्टर आणि तोंडी व्यवहार १०० गुंठ्यांचा झाला, तर ११७ चौरस मीटर जमीन कमी भरते. गुंठ्याहून जास्त! एवढ्या जागेत गोठा उभा राहतो, आणि भावाभावांत अबोला धरायला तर याहून कमी जागा पुरते.

दुसरी गफलत घराच्या जागेत होते. मीटरचे फूट ३.२८, म्हणून कुणी १०० चौरस मीटरला ३.२८ नं गुणतो आणि ३२८ चौरस फूट काढतो. खरं उत्तर १०७६. फूट दोन्ही बाजूंना वाढतात, म्हणून ३.२८ नं दोनदा गुणायचं.

रीत सोपी आहे. आधी लांबी आणि रुंदी एकाच मापात आणा, मगच गुणाकार करा. आणि वाटणीचा कागद हाती आला, की आकड्याआधी त्याच्यापुढचा शब्द वाचा: आर की गुंठा?