लिनक्स आणि व्हिडिओ गेम : एका परावलंबनाचा इतिहास

संगणकाच्या इतिहासात खेळाला सहसा तळटीपेपुरते स्थान मिळते. यंत्ररचना, उद्योगाची वाढ, शासनाचे धोरण हे विषय गंभीर मानले जातात आणि गेम म्हणजे पोरखेळ, असे समजून ते बाजूस सारले जातात. परंतु ज्या मध्यमवर्गीय घरात संगणक प्रथमच आला, त्या घरात त्याची ऑपरेटिंग सिस्टिम कोणती असावी ह्याचा निर्णय पुष्कळदा ह्या पोरखेळानेच केला आहे. लेखन, हिशेब आणि पत्रव्यवहार ह्या कामांना मुक्तस्रोत लिनक्स प्रणाली २००० नंतरच्या काही वर्षांतच पुरेशी ठरू लागली होती. ती विनामूल्य होती आणि तिची मूळ संहिता कोणासही पाहता येत असे. तरीही घरगुती संगणकावर तिचा शिरकाव झाला नाही. ह्या अपयशाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी गेमचे कारण सर्वांत कमी अभ्यासले गेले आहे, आणि त्याचे मूळ तंत्रापेक्षा मालकीच्या प्रश्नात आहे.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस पसरलेली कोपरी ही वसाहत ह्या इतिहासाकडे पाहण्यास सोयीची जागा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ज्या ठाण्यास पोहोचली, त्याच लोहमार्गाच्या पलीकडील अंगास फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे स्थिरावली. जुने गावठाण आणि नोकरदार मराठी कुटुंबे त्यांच्या शेजारी होतीच. अशा वसाहतींत १९९५ नंतर जो संगणक आला तो बहुधा नामांकित कंपनीचा नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क असे सुटे भाग आणावयाचे आणि ओळखीच्या तंत्रज्ञाकडून ते जोडून घ्यावयाचे, ही पद्धत रूढ होती. भागांची पावती मिळे किंवा न मिळे. परंतु त्या यंत्रावर विंडोज घालून दिलेली असे आणि तिची पावती मात्र क्वचितच असे. सोबत गेमच्या चार-दोन सीडी येत. ‘रोड रॅश’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलेल्या पिढीला ह्याचा निराळा पुरावा देण्याची आवश्यकता नाही.

कायद्याच्या दृष्टीने ही स्थिती निर्दोष नव्हती. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीचा समावेश झाला होता, आणि १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब घालून, आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद करण्यात आली. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालयास कारावास टाळण्याची मुभा ठेवली गेली. म्हणजे घरात खेळणारा मुलगा आणि तासाचे पैसे घेऊन खेळू देणारा सायबर कॅफेचा चालक ह्यांत कायद्याने भेद केला. ह्यातील विसंगती अशी की, ज्या चालकाला लिनक्सने ह्या जोखमीतून मुक्त केले असते, त्यालाच ती वापरणे सर्वांत अशक्य होते. त्याचे गिऱ्हाईक ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळावयास येई, आणि तो खेळ खेळाडूच्या बाजूस विंडोजसाठी लिहिलेला होता. गंमत म्हणजे त्याच खेळाचा यजमान संगणक, म्हणजे सर्व्हर, लिनक्सवर उत्तम चाले व जगभर तसा चालविला जाई. तळघरात लिनक्स आणि दिवाणखान्यात विंडोज अशी ही विभागणी दीर्घकाळ टिकली.

ह्या विभागणीचे कारण समजण्यासाठी गेम इतर आज्ञावलींहून कोठे भिन्न आहे ते पाहिले पाहिजे. पत्र लिहिण्याची आज्ञावली पडद्यावर अक्षरे उमटवून वाट पाहत बसते. गेमला मात्र सेकंदाला तीस-साठ चित्रे काढावी लागतात, त्याच वेळी ध्वनी द्यावा लागतो आणि बोटाच्या दाबाची दखल घ्यावी लागते. ह्यासाठी तो ग्राफिक कार्डाशी शक्य तितक्या निकटतेने बोलतो. हे संभाषण ज्या परिभाषेत होते ती परिभाषा कोणाच्या ताब्यात आहे, हाच येथील कळीचा मुद्दा होय. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स ही परिभाषा आणली आणि ती केवळ आपल्या प्रणालीपुरती ठेवली. गेमकारांनी ती स्वीकारली, आणि त्याबरोबर खेळाडूही त्या प्रणालीशी बांधला गेला.

तत्पूर्वी चित्र इतके निराशाजनक नव्हते. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला लिनक्स कर्नल ह्यांच्या संयोगातून ही प्रणाली उभी राहिली. डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डूम’ ह्या विख्यात खेळाची लिनक्स आवृत्ती दुसऱ्याच वर्षी, १९९४ मध्ये, आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलर ह्यांनी सिद्ध केली. १९९७ च्या अखेरीस त्या कंपनीने ‘डूम’ची मूळ संहिता खुली केली, तेव्हा जी संहिता बाहेर पडली ती डॉसची नसून लिनक्सची होती, कारण डॉस आवृत्तीतील ध्वनिविषयक भाग दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा होता व तो प्रकट करण्याचा अधिकार आयडीस नव्हता. आज असंख्य यंत्रांवर ‘डूम’ चालविला जातो तो ह्या लिनक्स संहितेच्या वंशजांमधून. व्यापारात उपेक्षित राहिलेली आवृत्तीच वारशाने टिकली, ही घटना ह्या इतिहासातील एक अत्यंत बोलकी घटना मानावी लागेल.

व्यापारी पायावर लिनक्ससाठी गेम आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्कॉट ड्रेकर ह्यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या लोकी सॉफ्टवेअर ह्या अमेरिकन कंपनीने केला. विंडोजवर यशस्वी झालेल्या खेळांचे हक्क घ्यावयाचे आणि त्यांचे रूपांतर करून ते लिनक्सच्या खेळाडूंस विकावयाचे, ही तिची पद्धत. मराठी रंगभूमीने शेक्सपीअरची रूपांतरे केली, त्या जातीचेच हे काम होते, आणि त्यात तीच अडचण होती: रूपांतर तयार होईपर्यंत मूळ प्रयोगाची नवलाई ओसरलेली असे. ज्याला तो खेळ हवा असे त्याने तो विंडोजवर केव्हाच खेळून टाकलेला असे. कंपनीने ऑगस्ट २००१ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागितले व जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. परंतु तिच्या अपयशाची नोंद येथेच संपविणे अन्यायाचे होईल. सॅम लँटिंगा ह्यांची एसडीएल ही साधनावली तेथे वाढीस लागली. पडदा, ध्वनी आणि कळफलक ह्यांच्याशी कोणत्याही प्रणालीवर एकाच रीतीने बोलण्याची सोय करणारी ही साधनावली कंपनीच्या पश्चात सर्वत्र वापरली गेली आणि आजही वापरात आहे.

रूपांतराला पर्याय होता तो दुभाष्याचा. १९९३ मध्ये आरंभ झालेला आणि १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार ह्यांच्या नेतृत्वाखाली चाललेला वाईन प्रकल्प हा अशा दुभाष्याचा प्रयत्न होय. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली जशीच्या तशी घ्यावयाची आणि ती विंडोजकडे ज्या ज्या मागण्या करील त्या लिनक्सच्या भाषेत सांगून पुऱ्या करावयाच्या, अशी ही योजना. मायक्रोसॉफ्टची संहिता न पाहता, केवळ बाह्य वर्तनावरून त्या प्रणालीचे सहस्रावधी व्यवहार नव्याने लिहावयाचे होते. वाईनची पहिली पूर्ण आवृत्ती १७ जून २००८ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी निघाली. मध्यंतरी ट्रान्सगेमिंग ह्या कंपनीने वाईनची संहिता घेऊन त्यावर गेमसाठी सशुल्क उत्पादन उभारले, परंतु केलेल्या सुधारणा मूळ प्रकल्पास पूर्णपणे परत दिल्या नाहीत. ह्यावरून वाद होऊन मार्च २००२ मध्ये वाईनने आपला परवाना बदलला व सुधारणा परत देणे बंधनकारक केले. मुक्तस्रोत चळवळीत औदार्य आणि करार ह्यांची सीमा कोठे आखावी, ह्याचा हा धडा गेममुळे मिळाला, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

भारतीय वाचकाने येथे एक कायदेशीर बाब ध्यानात घेतली पाहिजे. १९९९ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी तरतूद झाली की, आज्ञावलीचा कायदेशीर धारक, स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावलीशी तिचा मेळ घालण्यास आवश्यक असलेली माहिती मिळविण्यासाठी जी कृती करील ती, माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसल्यास, उल्लंघन ठरणार नाही. म्हणजे ज्या कायद्याने कोपरीतील पावतीविना विंडोजला गुन्हा ठरविले, त्याच कायद्याने दुभाष्याच्या उद्योगास वाट करून दिली. दुसऱ्या वाटेने जाणारे मात्र येथे थोडेच निघाले.

महाराष्ट्रात ह्या काळी लिनक्सविषयी जे कार्य झाले त्याचा रोख वेगळा होता. मुंबईत २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतील मेनू व संदेश लिनक्सवर आणण्याचा ध्यास घेतला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली आणि पुढे शाळांसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती काढली. हे प्रयत्न मोलाचे होते. परंतु त्यांच्या कल्पनेतील वापरणारा हा विद्यार्थी, कारकून किंवा शासकीय कर्मचारी होता. शनिवारी दुपारी मित्रांना हरविण्यासाठी संगणकापुढे बसणारा मुलगा त्या कल्पनेत नव्हता.

त्याला एक लक्षणीय अपवाद आहे, आणि तो ठाण्याहून कल्याणमार्गे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या परिसरातच आढळतो. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप द्यावा ह्या निकोलस नेग्रोपॉन्टे ह्यांच्या योजनेस केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैराट येथील छोट्या एकशिक्षकी शाळेत त्या योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. तेथील मुलांच्या हाती आलेले एक्सओ हे यंत्र फेडोरा लिनक्सवर चाले. त्याचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा आणि स्मृती २५६ मेगाबाइटची. ह्याच यंत्रासाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने १९८९ चा ‘सिमसिटी’ हा नगररचनेचा खेळ २००७ च्या नोव्हेंबरात दिला, आणि जानेवारी २००८ मध्ये त्याची संहिता ‘मायक्रोपोलिस’ ह्या नावाने खुली झाली. ठाणे शहरातील मुले अनधिकृत प्रतींवर खेळत असताना कर्जतच्या डोंगराळ भागातील मुलांच्या यंत्रासाठी एक नामांकित खेळ सनदशीर मार्गाने खुला व्हावा, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. अर्थात तो खेळ तोवर अठरा वर्षांचा जुना झाला होता, हेही विसरता कामा नये.

परिस्थितीस खरे वळण लागले ते परोपकाराने नव्हे, तर व्यापारी भयाने. स्टीम ह्या दुकानातून गेम विकणारी व्हॉल्व्ह ही कंपनी आपल्या बहुतांश व्यवहारासाठी विंडोजवर अवलंबून होती. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल ह्यांनी त्या प्रणालीवर उघड व तीव्र टीका केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. त्यापाठोपाठ २०१५ मध्ये आलेली स्टीम मशिन्स ही यंत्रे मात्र फसली. गेमकारांनी पुन्हा रूपांतरे करावीत, ह्या अपेक्षेवर ती उभी होती, आणि लोकीचा अनुभव नव्याने आला.

रूपांतराची ही वाट दुसऱ्यांदा बंद झाल्यावर दुभाष्याकडे परतणे क्रमप्राप्त होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन ही कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली चित्रणपरिभाषा प्रसिद्ध झाली होती. फिलिप रेबोले ह्या प्रोग्रामरने ‘निअर : ऑटोमाटा’ हा एक खेळ लिनक्सवर खेळता यावा एवढ्या साध्या इच्छेने डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कनमध्ये उतरविणारी डीएक्सव्हीके ही आज्ञावली लिहावयास घेतली. व्हॉल्व्हने त्यास पाठबळ दिले, कोडवीव्हर्स कंपनीच्या सहकार्याने वाईनशी त्याची सांगड घातली आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन प्रसिद्ध केले. आता खेळाडूला दुभाष्याचे अस्तित्वही जाणवेनासे झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे हातातील यंत्र बाजारात आले. त्या वेळी भारतात त्याची अधिकृत विक्री नव्हती. स्टीमच्या स्वतःच्या पाहणीत लिनक्स वापरणारे खेळाडू २०१८ च्या सुमारास एक टक्क्याच्या आत होते. २०२५ च्या अखेरीस ते तीन टक्क्यांच्या आसपास पोहोचले. आकडा लहान आहे, परंतु तो हलला.

तथापि परावलंबनाची एक गाठ सुटली तेव्हा दुसरी आवळली गेली. स्पर्धेच्या खेळांत लबाडी रोखण्यासाठी गेमकारांनी आपले पहारेकरी थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसविण्यास प्रारंभ केला. भारतात फार लोकप्रिय झालेल्या ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी २०२० पासून विंडोजच्या गाभ्यात राहतो, तो दुभाष्यास मान्यता देत नाही, म्हणून तो खेळ लिनक्सवर चालत नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ काही काळ चालत होता; ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या कंपनीने लबाडीचे कारण देऊन लिनक्सच्या खेळाडूंस प्रवेश बंद केला. लबाडीचे कारण सर्वस्वी खोटे नाही. ज्या यंत्राचा गाभा मालकास हवा तसा बदलता येतो, त्या यंत्रावर परक्या पहारेकऱ्याने विसंबावे कसे, ही अडचण खरी आहे. परंतु ह्याच वाक्याचा अर्थ असाही होतो की, अशा खेळात प्रवेश मिळविण्याची किंमत म्हणजे स्वतःच्या यंत्रावरील अंतिम अधिकार सोडणे होय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ ने घातलेल्या टीपीएम चिपसारख्या अटींमुळे सुस्थितीतील अनेक जुनी यंत्रे तिच्या कक्षेबाहेर राहिली. सुटे भाग जोडून उभे केलेले आणि वर्षानुवर्षे जपलेले संगणक ज्या वसाहतींत अधिक, तेथे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. अशा यंत्राच्या मालकापुढे आता दोन वाटा आहेत: नवे यंत्र घेणे, किंवा जुन्यावर लिनक्स घालणे. दुसऱ्या वाटेने गेल्यास स्टीमवरील त्याचे बहुसंख्य खेळ त्याच्यासोबत येतील. मित्रमंडळी ‘व्हॅलोरंट’ खेळत असतील तर त्यांच्यासोबत मात्र त्याला बसता येणार नाही.