घरांतील रेडॉन प्रदूषण

घरांतील रेडॉन प्रदूषण म्हणजे जमिनीतून निघणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू राहत्या इमारतीत साचून तेथील हवा आरोग्यास अपायकारक होणे. रेडॉनला रंग, वास किंवा चव नसते. त्यामुळे तो घरात आहे की नाही, हे केवळ मोजमापानेच कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, देशातील रेडॉनच्या सरासरी पातळीनुसार फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के कर्करोग रेडॉनमुळे होतात. धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये हे या रोगाचे प्रमुख कारण मानले जाते.

उगम

रेडॉन (अणुक्रमांक ८६) हा निष्क्रिय वायूंच्या गटातील मूलद्रव्य आहे. खडक व माती यांत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम-२३८ चा टप्प्याटप्प्याने ऱ्हास होताना रेडियम-२२६ तयार होते आणि त्यापासून रेडॉन-२२२ निर्माण होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस आहे. या मालिकेतील इतर मूलद्रव्ये घनरूप असल्याने खडकातच राहतात. रेडॉन मात्र वायुरूप असल्याने मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून वर येऊ शकतो. थोरियमपासून तयार होणाऱ्या रेडॉन-२२० या समस्थानिकाला ‘थोरॉन’ म्हणतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५६ सेकंद असल्याने तो उगमापासून फार दूर जात नाही.

घरातील शिरकाव

मोकळ्या हवेत रेडॉन लगेच विरळ होतो व त्याची पातळी सहसा ५ ते १५ बेक्वेरेल प्रति घनमीटर इतकीच राहते. घरातील उबदार हवा वर जाऊन बाहेर पडते, तेव्हा तळमजल्यावरील हवेचा दाब जमिनीतील हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो. या फरकामुळे फरशीच्या भेगा, भिंतीचे सांधे आणि नळ व सांडपाण्याच्या वाहिन्यांभोवतीच्या फटी यांतून जमिनीतील वायू आत ओढला जातो. म्हणून तळघर व तळमजला येथे त्याचे प्रमाण सामान्यतः अधिक असते. थंड प्रदेशांत हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद राहत असल्याने ते आणखी वाढते. कूपनलिकेचे पाणी व बांधकाम साहित्य हे रेडॉनचे दुय्यम स्रोत होत. खालची जमीन व बांधकाम यांत थोडा फरक असला तरी शेजारशेजारच्या दोन घरांतील पातळीत मोठी तफावत आढळू शकते.

आरोग्यावरील परिणाम

श्वासावाटे आत गेलेला बहुतेक रेडॉन उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. खरा धोका त्याच्या ऱ्हासातून निर्माण होणाऱ्या पोलोनियम-२१८ व पोलोनियम-२१४ या घनरूप मूलद्रव्यांचा असतो. हे अणू हवेतील सूक्ष्म धूलिकणांना चिकटतात आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. त्यांच्यातून बाहेर पडणारे अल्फा कण जवळच्या पेशींमधील डीएनएला इजा करतात. यामुळे तात्काळ कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. कर्करोग अनेक वर्षांनी उद्भवतो.

जर्मनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांच्या छातीच्या जुन्या व्याधीमागे फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे १८७९ मध्ये निदर्शनास आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले. दीर्घकालीन सरासरी पातळी १०० बेक्वेरेल प्रति घनमीटरने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. धूम्रपान व रेडॉन यांचा एकत्रित परिणाम विशेष घातक असतो.

पेनसिल्व्हेनियातील घटना

घरांतील रेडॉनकडे व्यापक लक्ष वेधले गेले ते अमेरिकेतील एका घटनेमुळे. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुवीज प्रकल्पात काम करणारे अभियंते स्टॅनली वॉट्रस यांच्यामुळे तेथील किरणोत्सर्गशोधक यंत्राचा इशारा वाजू लागला. तपासाअंती हे दूषितीकरण प्रकल्पातील नसून त्यांच्या घरातून आलेले असल्याचे उघड झाले. त्यांच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी प्रति लिटर, म्हणजे जवळपास १ लाख बेक्वेरेल प्रति घनमीटर इतका रेडॉन आढळला. कुटुंबाला घर सोडावे लागले. काही महिन्यांनी, घरात उपाययोजना झाल्यावर ते परतले. हे घर ‘रीडिंग प्राँग’ या युरेनियमयुक्त खडकांच्या पट्ट्यात होते. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत घरांतील रेडॉन कमी करण्यासंबंधीचा कायदा झाला.

मापन व मर्यादा

अल्पकालीन चाचणीत सक्रिय कोळशाची डबी काही दिवस घरात ठेवून नंतर प्रयोगशाळेत तपासतात. दीर्घकालीन चाचणीत विशिष्ट प्लास्टिकच्या फितीवर अल्फा कणांचे उमटलेले माग मोजतात; ती तीन महिने ते एक वर्ष चालते. पातळी दिवसागणिक व ऋतूनुसार बदलत असल्याने दीर्घकालीन मापन अधिक विश्वसनीय ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेल प्रति घनमीटर ही संदर्भ पातळी सुचवली. ती शक्य नसल्यास ३०० ची मर्यादा ओलांडू नये, असेही सांगितले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार ४ पिकोक्युरी प्रति लिटर (१४८ बेक्वेरेल प्रति घनमीटर) वा त्याहून अधिक पातळी आढळल्यास घरात दुरुस्ती करावी.

उपाययोजना

फरशीखालून नळी घालून पंख्याच्या साहाय्याने जमिनीतील वायू ओढून घेणे व छताच्या वर सोडणे, ही सर्वांत परिणामकारक पद्धत समजली जाते. भेगा बुजवणे उपयुक्त असले तरी एकट्या त्या उपायाने पातळी पुरेशी घटत नाही. खिडक्या उघडल्यास रेडॉन कमी होतो. मात्र त्या बंद करताच तो पुन्हा साचू लागतो. नव्या बांधकामात फरशीखाली खडीचा थर, प्लास्टिकचे आवरण व वायुवाहक नळी यांची सोय आधीच केल्यास खर्च कमी येतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला आहे. बेसॉल्टमध्ये युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या तुलनेत सामान्यतः कमी असते. पूर्व विदर्भ व दक्षिण कोकणात मात्र अधिक प्राचीन व भिन्न प्रकारचे खडक आढळतात. तथापि केवळ खडकाच्या प्रकारावरून एखाद्या घरातील पातळी ठरवता येत नाही. वातानुकूलनासाठी सतत बंद ठेवलेल्या खोल्या व तळघरे यांत वायुवीजनही विचारात घ्यावे लागते. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने रेडॉन व थोरॉन वेगवेगळे मोजणारी उपकरणे विकसित केली आहेत.