पाच रुपयांचा संसार
मॉरिशसच्या ऊसमळ्यांतील काटकसरीचा इतिहास

इतिहासाच्या ग्रंथांत जहाजांची नावे सापडतात, गव्हर्नरांची नावे सापडतात, आणि साखरेच्या पोत्यांचा हिशेबही सापडतो. परंतु ज्या घरांच्या श्रमावर ती साखर उभी राहिली, त्या घरांत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चूल कशी पेटत असे, हे क्वचितच लिहिलेले आढळते. गिरमिटाच्या इतिहासाचा हा अर्धा भाग स्वयंपाकघरात घडला आणि बव्हंशी तेथेच विसरला गेला. ब्रॅम्पटनमध्ये वाढणाऱ्या ज्या मुलामुलींचे पणजोबा मळ्यांवर राबले, त्यांना हा भाग ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण त्यांच्या घरातील पुष्कळशा सवयींचे मूळ तेथेच आहे.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांना स्वस्त मजुरांची निकड भासू लागली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लक्ष माणसे त्या बेटावर आली. बहुसंख्य कलकत्त्याहून व मद्रासहून निघाली. मुंबई बंदरातून निघालेल्यांची संख्या त्या मानाने थोडी होती. या थोड्यांतच रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर, सातारा या भागांतील मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या ज्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती आत गेली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य झाला.

कोकणातून निघालेल्या माणसाला काटकसर नव्याने शिकावी लागली नाही. नाचणीची आंबील, कुळथाची पिठी आणि तांदळाची पेज यांवर पावसाळा काढणाऱ्या घरांतून तो आला होता. ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण त्याच्या घरी उपदेश म्हणून सांगितली जात नसे. ते तेथले रोजचे वर्तमान होते. तथापि गावी निदान शेजार होता, भावकी होती, आणि अडचणीच्या वेळी पायलीभर भात उसना देणारे घर होते. मळ्यावर यांपैकी काहीही नव्हते. तेथे होता तो करारनामा आणि त्यावर उठवलेला अंगठा.

या करारनाम्याचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. मजुराचे वेतन दरमहा ५ रुपये होते. त्याखेरीज रोजचा शिधा मिळे: तांदूळ, डाळ, थोडे तूप अथवा तेल, आणि मीठ. वर्षाला धोतर, चादर, घोंगडी, बंडी, टोपी असे मोजके कपडे मिळत. आरंभीच्या करारांत परतीच्या प्रवासाची तरतूद म्हणून दरमहा १ रुपया कापून ठेवण्याचीही अट होती. म्हणजे वर्षाच्या ६० रुपयांतून १२ रुपये हातात पडण्यापूर्वीच वजा होत. उरलेल्या ४८ रुपयांत भाजी, मसाला, तंबाखू, औषध, सणवार आणि गावी पाठवावयाचा पैसा हे सर्व बसवावयाचे होते.

शिधा काम करणाऱ्याच्या नावे मिळे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. स्त्रिया फारशा करारबद्ध नसत. त्यामुळे ज्या घरात बायको व मुले होती, त्या घरात एका माणसाच्या तांदळात तीन-चार पाने वाढावी लागत.

याहून कठीण होती ती ‘दुहेरी कपात’. १८४७ च्या कायद्याने मळेवाल्यास असा अधिकार मिळाला की, मजूर एक दिवस गैरहजर राहिल्यास त्याचे दोन दिवसांचे वेतन कापावे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर ५ रुपयांत एका दिवसाचे मोल जेमतेम तीन आणे पडते. तापाने तीन दिवस अंथरुणास खिळलेल्या माणसाचे सहा दिवसांचे वेतन जाई आणि महिन्याचे ५ रुपये ४ रुपयांच्याही खाली येत. दरमहा असे तीनच दिवस गेले, तर वर्षाचे ६० रुपये सुमारे ४६ वर उतरत. शिवाय वेतन वेळेवर मिळेल याची शाश्वती नसे. ते महिनोन् महिने थकत असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपली म्हण सांगते. येथे अंथरूणच दर महिन्याला कोणी दुसरा कापून नेत होता.

करार संपलेल्या जुन्या मजुरांचीही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्यांना छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे भाग पडले. तो हरवल्यास नकलेसाठी १ पौंड, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची मजुरी, भरावी लागे. त्याच सुमारास हिवतापाची भयंकर साथ आली. एकट्या १८६७ सालात बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. एकीकडे घरात रोगी आणि दुसरीकडे दारात पोलीस, अशा स्थितीत या लोकांनी दिवस काढले. अखेर १८७१ साली आडोल्फ द प्लेवित्झ या सहृदय गृहस्थाच्या साह्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज केला. त्यातून १८७२ साली शाही आयोग नेमला गेला, आणि पुढे १८७८ साली मजूर-कायद्यात सुधारणा झाली. दुहेरी कपात मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून राहिली.

अशा मिळकतीतून शिल्लक कशी पडली, हा खरा प्रश्न आहे. कारण शिल्लक पडली, हे निर्विवाद आहे.

याचे पहिले उत्तर घराभोवतीच्या चिमूटभर जागेत सापडते. झोपडीमागे भोपळा, दोडका, मिरची, कोथिंबीर आणि पालेभाज्या लावल्या जात. त्यामुळे बाजारातून आणावयाच्या जिनसा मीठ, तेल, तांदूळ एवढ्यांवर येत. दुसरे उत्तर गोठ्यात होते. उसाच्या बांधावरचे गवत कापून, भारा डोक्यावर घेऊन घरची स्त्री पहाटे परतत असे. त्या गवतावर गाय पोसली जाई. दूध विकले जाई आणि घरात ताक राही. या श्रमाची नोंद कोणत्याही मळ्याच्या वहीत नाही. किंबहुना पाच रुपयांच्या संसारातील सहावा रुपया बाईच्या डोक्यावरील भाऱ्यातून येत असे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तिसरे उत्तर दागिन्यांचे. हाती आलेले चांदीचे व सोन्याचे नाणे मोडण्याऐवजी ते गळ्यातल्या माळेत ओवले जाई. परक्याला हा बायकी हौसेचा प्रकार वाटला. वस्तुतः ती घरची पेढी होती. आजारपणात किंवा जमीन घेताना तीच माळ सोनाराकडे जात असे. सरकारी बचत पेढीतही हिंदी मजुरांनी पैसे ठेवले. परंतु माळेला ना परवाना लागे ना अंगठा.

उसाच्या बेटावर वर्षाचे दोन भाग असतात. साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत तोडणीचा हंगाम, त्याला तेथील बोलीत ‘कूप’ म्हणतात. त्यानंतरचे मंदीचे महिने म्हणजे ‘आंत्रकूप’. कराराबाहेरच्या रोजंदारी मजुराला तोडणीत चार पैसे दिसत, आणि आंत्रकूपात काम विरळ होई. म्हणून घरखर्चाचा विचार महिन्याचा करून भागत नसे; तो वर्षाचा करावा लागे. या मंदीत गावोगावच्या चिनी दुकानदाराची ‘कार्ने’ म्हणजे उधारीची वही उपयोगी पडे. तांदूळ, तेल, खारी मासळी तो वहीवर देई आणि तोडणीचा पैसा आल्यावर हिशेब फेडला जाई. या वहीने असंख्य घरे उपासातून वाचवली. परंतु एखाद्या वर्षी वादळ झाले की पुढील वर्षाची कमाई आदल्या वर्षाच्या वहीत जाई. २९ एप्रिल १८९२ च्या वादळात सुमारे बाराशे माणसे गेली. किती घरांचा हिशेब त्या एका दिवसात बुडाला, याची गणती कोणीही केलेली नाही.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक मोठे स्थित्यंतर घडले. साखरेचे भाव उतरल्यामुळे मळेवाल्यांनी कडेच्या हलक्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या. यालाच ‘ग्रां मोर्सेलमां’ म्हणजे मोठी वाटणी असे नाव आहे. त्या दगडाळ तुकड्यांना गिऱ्हाईक मिळाले ते मुख्यतः जुन्या मजुरांतून आणि त्यांच्या मुलांतून. दगड वेचून त्यांचे ढीग रचावे आणि मधल्या मातीत ऊस लावावा, अशा कष्टाने ती जमीन उभी राहिली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बेटावरील उसाखालच्या जमिनीपैकी सुमारे तीस टक्के जमीन हिंदी लोक कसत होते. १९१३ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, आणि लहान शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार मिळाले. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण त्या बेटावर अक्षरशः खरी ठरली.

परंतु या यशाच्या वर्णनात एक धोका आहे. पूर्वजांनी पाच रुपयांत संसार केला, एवढेच अभिमानाने सांगितले तर पाच रुपये पुरेसे होते असा अर्थ निघतो. ते पुरेसे नव्हते. काटकसरीची किंमत घरातील दुर्बळांनी अधिक दिली. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईने ती दिली; गुरे राखण्यासाठी शाळेबाहेर राहिलेल्या मुलाने दिली; धाकट्या भावाच्या फीसाठी जिचे शिक्षण थांबले, त्या थोरल्या बहिणीने दिली. मॉरिशसमध्ये माध्यमिक शिक्षण १९७७ साली मोफत झाले. त्यापूर्वी मुलाला त्या शाळेत घालणे म्हणजे गाय विकणे किंवा माळ मोडणे होते, आणि सर्व मुलांपुरती गाय किंवा माळ कोणत्याच घरी नव्हती.

म्हणूनच त्या पिढ्यांनी काटकसर केली तसा झगडाही केला. १९३७ साली उबा जातीच्या उसाचा भाव कारखान्यांनी कमी केला, तेव्हा लहान शेतकरी रस्त्यावर आले आणि युनियन फ्लाक येथे गोळीबारात माणसे पडली. १९४३ साली बेल व्ह्यू आरेल येथे मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत अंजले कुपेन ही गरोदर स्त्री मरण पावली. तो महायुद्धाचा काळ होता. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्याने लोक मका व कसावा खाऊन राहत होते. ज्या घरांना वाचवावयाचे कसे हे पूर्ण ठाऊक होते, त्याच घरांनी मागावयाचे किती हेही ठरविले.

भिशी, मंदिराची वर्गणी, लग्नकार्यात शेजाऱ्यांनी आणलेला तांदूळ, या सर्वांना त्या काळच्या घरखर्चात मानाचे स्थान होते. मराठी वस्त्यांत गणेशचतुर्थी आणि झाकरी नृत्य टिकले ते अशाच पै-पैच्या वर्गणीवर. आज गणेशचतुर्थी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी आहे. गिरमिटाच्या अन्य भूमींतही हीच रीत दिसते. गयानातील ‘बॉक्स हँड’ आणि त्रिनिदादमधील ‘सूसू’ ही भिशीचीच भावंडे होत. जेथे पेढी गरिबाला दारात उभे करीत नव्हती, तेथे शेजाऱ्याचा शब्द हेच तारण होते.

१९६७ साली कॅनडाने गुणांकनावर आधारलेले स्थलांतर-धोरण स्वीकारले, आणि मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद येथील कुटुंबे टोरांटोच्या परिसरात येऊ लागली. फुलांच्या काचगृहांसाठी प्रसिद्ध असलेले ब्रॅम्पटन १९७४ साली शहर झाले. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६,५६,४८० भरली. मळ्यावरच्या आंत्रकूपाची जागा येथे लांब हिवाळ्याने घेतली. घराचे हप्ते, उष्णतेचे बिल, मोटारीचा विमा ही नवी देणी आली. उन्हाळ्यात परसात लावलेली मिरची आणि दोडका, थंडीसाठी साठविलेली भाजी, नव्याने आलेल्या नातेवाईकास दिलेली तळघरातील खोली, या गोष्टी पाहिल्या म्हणजे जुना हिशेबच नव्या पानावर लिहिला जात असल्याचे ध्यानात येते.

हा वारसा जतन करण्याचा एक सोपा मार्ग आहे. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी व छायाचित्रे सुरक्षित आहेत. तेथे पूर्वजाचा क्रमांक व गाव सापडू शकते. त्या घरात तांदूळ किती शिजत असे, माळ कोणत्या वर्षी मोडली, कोणाची शाळा सुटली, हे मात्र कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ते घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे. जुनी उधारीची वही, बचत पेढीचे पुस्तक, जमिनीचा कागद अद्याप कोणाच्या पेटीत असेल, तर तो नातवंडांना दाखवावा, आणि आजीजवळ बसून त्यामागची हकीकत त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. पाच रुपयांचा हिशेब ज्यांनी साठ वर्षे मनात ठेवला, त्यांच्या नातवंडांनी तो एकदा कागदावर उतरविणे एवढे ऋण फेडणे तरी अवघड नाही.