परतमागणीची मुद्राक्षरकला

वसाहतकाळात आफ्रिकेतून लुटून युरोप-अमेरिकेत नेलेल्या कलावस्तू मूळ समाजांना परत मिळाव्यात, या मागणीसाठी पोस्टर, बोधचिन्ह, मुखपृष्ठ, बिल्ले, संग्रहालयातल्या माहितीपाट्या आणि अलीकडे मोबाइलचा पडदा यांचा जो वापर झाला, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. या चळवळीत सर्वाधिक गाजलेले उदाहरण बेनिनचे. हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातील एडो राज्यात असलेले जुने राज्य. बेनिन प्रजासत्ताकाशी त्याची गल्लत होऊ नये. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतले, राजवाडा लुटला, ओबा म्हणजे राजा ओव्होन्रामवेन याला कालाबारला हद्दपार केले आणि पितळी फलक, राजमुखे, हस्तिदंती कोरीवकाम अशा हजारो वस्तू सोबत नेल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ब्रिटिश म्युझियमने यांतले सुमारे तीनशे फलक लोकांपुढे मांडले. म्हणजे वस्तू घरापासून तुटल्या त्याच वर्षी त्यांच्याभोवती दुसरी मांडणी उभी राहिली. परतमागणीच्या पोस्टरांना आणि बिल्ल्यांना खरी झुंज द्यावी लागते ती या मांडणीशी. ही झुंज कशाने पुढे सरकली याचा मागोवा घेतला, तर चित्राने वस्तू ओळखीची झाली, पण मागणीला बळ आले ते चित्राखालच्या मजकुराने, असे दिसते.

संग्रहालय तटस्थ वाटते, यामागे कसलेले डिझाइन असते. ब्रिटिश म्युझियमच्या तळमजल्याखालील २५ क्रमांकाच्या दालनात बेनिनचे फलक उभ्या दांड्यांवर ओळीने, एकावर एक लावलेले आहेत. मागे भिंत नाही, खांब नाही. फलक हवेत तरंगल्यासारखे दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर अनेकांच्या कडांना खिळ्यांची भोके आहेत. हे फलक राजवाड्यातल्या खांबांवर ठोकलेले होते, त्याची ती खूण. दालनातली प्रकाशयोजना आणि मोकळी जागा नजर नक्षीकडे नेते, त्या भोकांकडे नेत नाही. शेजारच्या पाटीची भाषा जगभर साधारण एकाच साच्याची असते: साहित्य, ठिकाण, शतक, देणगीदार किंवा विक्रेता, आणि नोंदक्रमांक. राजमाता इदिया हिच्या हस्तिदंती मुखवट्याचा क्रमांक ‘एएफ १९१०, ०५१३.१’ असा आहे. आफ्रिका विभाग, १९१० साल, १३ मे. सेलिगमन या अभ्यासकाकडून मुखवटा विकत घेतला, ती ही तारीख. १८९७ या आकड्याला त्या क्रमांकात जागाच नाही. खरेदी कायदेशीर होती हे क्रमांक सांगतो. विकणाऱ्याच्या हाती वस्तू आली कशी, हे सांगायची गरज त्याला पडत नाही. आता त्या दालनातल्या मजकुरात ब्रिटिश स्वारीचा उल्लेख येतो, हे नोंदवायला हवे. तो यावा यासाठी संग्रहालयाबाहेरच्या लोकांना कित्येक दशके बोलत राहावे लागले, हेही तितकेच खरे.

याच मुखवट्याला १९७७ मध्ये आफ्रिकेने बोधचिन्ह केले. १५ जानेवारी ते १२ फेब्रुवारी १९७७ या काळात लागोसमध्ये कृष्णवर्णीय व आफ्रिकी कलांचा दुसरा जागतिक महोत्सव भरला; ‘फेस्टॅक ७७’ या नावाने तो ओळखला जातो. बोधचिन्ह एरहाबोर एमोक्पाए या चित्रकाराने घडवले. मूळ मुखवटा जेमतेम २४ सेंटिमीटर उंच आहे: कपाळावर लोखंड बसवलेल्या दोन उभ्या पट्ट्या, खाली झुकलेल्या पापण्या, आणि डोक्यावरच्या किरीटात दाढीवाल्या पोर्तुगीजांच्या चिमुकल्या डोक्यांची रांग. इतकी बारीक कलाकुसर शाईच्या एका रंगात उतरवणे सोपे काम नव्हते. एमोक्पाएच्या चिन्हात चेहरा सपाट आणि समोरासमोर आला, त्यामुळे तो पोस्टरवर, कापडावर, टपाल तिकिटावर कुठेही ओळखू येऊ लागला. महोत्सवासाठी नायजेरियाने मूळ मुखवटा मागितला, तेव्हा हस्तिदंत नाजूक असल्याचे कारण देऊन लंडनने तो पाठवला नाही. एडो कारागिराने कोरलेल्या प्रतिकृतीवर काम भागवावे लागले. पोस्टरवरचा चेहरा खंडभर पोचला आणि मूळ वस्तू लंडनच्या कपाटातच राहिली.

फेस्टॅकचे चिन्ह आफ्रिकी ग्राफिक डिझाइनमधल्या सर्वांत समर्थ चिन्हांपैकी एक आहे. त्याने एका पिढीला अभिमानाची खूण दिली. पण परतमागणीचे साधन म्हणून ते अपुरे पडले, कारण मुखवटा कुठे आहे, कुणी नेला आणि कधी, यातले काहीच ते बोलत नव्हते. त्याच काळात शब्दांची मोहीम वेगळीकडे चालू होती. डाकारच्या ‘बिंगो’ मासिकात पॉलाँ जोआकिम यांनी जानेवारी १९६५ मध्येच संपादकीय लिहून आफ्रिकेची कला परत मागितली होती. १९७३ मध्ये झाईरचे अध्यक्ष मोबुतू संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच विषयावर बोलले आणि त्या वर्षअखेरीस ३१८७ क्रमांकाचा ठराव झाला. १९७८ मध्ये युनेस्कोचे महासंचालक अमादू-माहतार म्बो यांनी जाहीर आवाहन केले. युरोपातल्या संग्रहालयांनी या मागण्या कशा टोलवल्या, याचा तपशील कला-इतिहासकार बेनेडिक्ट साव्हॉय यांनी कागदपत्रांतून मांडला आहे. एका बाजूला मजकुराविना चित्र आणि दुसऱ्या बाजूला चित्राविना मजकूर, अशी ती फाटाफूट होती. ती मिटायला पुढे चार दशके गेली.

ती मिटल्याचे ठळक उदाहरण जर्मनीत ड्रेस्डेन शहरात २०२१च्या आरंभी दिसले. नायजेरियन कलाकार एमेका ओग्बोह यांनी तिथल्या संग्रहालयाच्या ताब्यातील बेनिनच्या वस्तूंची छायाचित्रे घेऊन पोस्टर केली आणि शहरभर लावली. मथळा होता: ‘बेनिनमधून बेपत्ता’. हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी लावतात तो हा पोस्टरचा साचा: वर ठसठशीत मथळा, खाली चेहरा. रस्त्याने जाणाऱ्याला तो वाचायला शिकवावे लागत नाही. या साच्याने दोन गोष्टी एका फटक्यात केल्या. वस्तूला कुणीतरी शोधते आहे, म्हणजे तिचे घर अजून उभे आहे, हे एक. आणि बेपत्ता वस्तू याच शहरात, चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे, हे दुसरे. पुरातत्त्वज्ञ डॅन हिक्स यांच्या २०२० मधल्या बेनिनविषयक पुस्तकाच्या नावात ‘ब्रिटिश’ या शब्दातले एकच रोमन अक्षर बदलून ‘ब्रूटिश’, म्हणजे पाशवी, केले आहे. तिथेही काम अक्षराने केले. लंडनमध्ये अ‍ॅलिस प्रॉक्टर यांनी संग्रहालयांत स्वतंत्र फेऱ्या सुरू केल्या आणि ‘चोरलेली आहे तशीच मांडा’ अशा अर्थाचे बिल्ले काढले. बिल्ल्यावर चित्र नाही, फक्त शब्द. आणि त्यांचा रोख वस्तूकडे नसून मांडणीकडे आहे.

अशा पोस्टरांनी खरेच काही घडले का, हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीने बेनिनच्या वस्तू परत देण्याची तयारी जाहीर केली, जुलै २०२२ मध्ये अकराशेहून अधिक वस्तूंच्या मालकीबाबत नायजेरियाशी करार झाला आणि डिसेंबरमध्ये २० वस्तू अबुजात पोचल्या. हे पोस्टरमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. त्यामागे आफ्रिकी वस्तू परत देण्याची शिफारस करणारा फ्रान्समधला २०१८ चा सार-साव्हॉय अहवाल होता, बर्लिनच्या हुम्बोल्ट फोरम या संग्रहालयावरची वर्षानुवर्षांची टीका होती, नायजेरियाची मुत्सद्देगिरी होती. मात्र जनमताचा दाब कुठे लागू पडतो हे डिसेंबर २०१० मध्ये स्पष्ट दिसले होते. सदबीज या लिलावगृहाने इदियाचा आणखी एक मुखवटा विक्रीला काढला, अंदाजित किंमत ३५ ते ४५ लाख पौंड. वस्तूची पूर्वपीठिका सांगत विरोधाची लाट उठली आणि थोड्याच दिवसांत विक्री मागे घेतली गेली. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही. वस्तूचे चित्र आणि तिच्या लुटीचे साल एकत्र फिरू लागले, एवढे पुरले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. घोषणा इतिहासाला सपाट करते. बेनिनच्या पितळेपैकी बराच भाग युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेल्या ‘मनिला’ या कड्यांतून आला, आणि ती कडी गुलामांच्या व्यापारातही चालत. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्यांचे वंशज या वस्तूंवर हक्क सांगतात. अमेरिकेतल्या रेस्टिट्यूशन स्टडी ग्रुपने स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडून होणाऱ्या परतीला याच मुद्द्यावर विरोध केला. ‘लूट’ या एका शब्दाच्या पोस्टरवर ही बाजू मावत नाही. तरीही याचे उत्तर घोषणा बंद करणे हे असू शकत नाही. गुलामांच्या व्यापारातला राजवाड्याचा दोष कितीही मोठा धरला, तरी त्यातून लंडनचा हक्क निघत नाही. उलट, वस्तूची पूर्ण हकिगत छापण्याची गरज त्यातून अधिक ठसते, आणि तिथे डिझाइनला पोस्टरपेक्षा मोठा कागद लागतो.

तो कागद पडद्याने दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिटल बेनिन’ या संकेतस्थळावर जगभरच्या १३१ संस्थांतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू एकत्र आल्या. त्यात एडो भाषेतल्या नावांनी वस्तू लावलेला वेगळा विभाग आहे. ‘ओबा’ शब्दातल्या रोमन ‘ओ’खाली एडो लेखनात टिंब असते; संग्रहालयांच्या पाट्यांवर ते सहसा गळते, कारण टंकात ते अक्षर नसते किंवा कुणी शोधत नाही. या संकेतस्थळावर ते टिंब जागेवर आहे. मला हे काम घोषणेपेक्षा टिकाऊ वाटते, कारण वस्तूचे नाव तिच्या माणसांच्या लेखनात छापले की वर्गीकरणाचा ताबाही बदलतो. याच माध्यमातली गाजलेली मोहीम भारतातून झाली. बंगळूरच्या डेन्त्सू वेबचटनी या जाहिरातसंस्थेने व्हाइस वर्ल्ड न्यूजसाठी डिसेंबर २०२१ मध्ये ‘अनफिल्टर्ड हिस्ट्री टूर’ तयार केली. ब्रिटिश म्युझियममध्ये वस्तूसमोर मोबाइल धरला की तिच्यावरच लुटीचे दृश्य उमटते आणि मूळ देशातल्या जाणकाराचा आवाज ऐकू येतो. बेनिनच्या फलकांबरोबर अमरावतीची शिल्पेही त्यात होती. संग्रहालयाची परवानगी न घेता त्याच्या पाटीवर दुसरी पाटी चढवण्याचा हा प्रकार. २०२२ मध्ये कान लायन्स या जाहिरात महोत्सवात या मोहिमेला तीन ग्रां प्री मिळाली. बक्षिसे मिळाली पण वस्तू हलल्या नाहीत, ही टीका बरोबर आहे. जाहिरातसंस्थेची मोहीम संपते, कपाट तिथेच राहते. म्हणूनच चिडी न्वाउबानी यांच्या ‘लूटी’ प्रकल्पातली त्रिमितीय प्रतिरूपे किंवा मोबाइलवरची अशी दृश्ये म्हणजे परतफेड नव्हे. ‘डिजिटल प्रत दिली, आता मूळ वस्तू कशाला’ असा युक्तिवाद संग्रहालयांना सापडू नये, याची काळजी मोहिमेलाच घ्यावी लागते.

संग्रहालयांचा बचाव सहसा कायदा आणि सुरक्षितता या दोन शब्दांवर उभा असतो. १९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमला संग्रहातील वस्तू देऊन टाकण्यास काही अपवाद वगळता मज्जाव आहे. पण याच संग्रहालयाने विसाव्या शतकाच्या मध्यात बेनिनचे तीसहून अधिक फलक ‘दुबार’ म्हणून विकले किंवा बदल्यात दिले होते. सुरक्षिततेचा मुद्दा ऑगस्ट २०२३ मध्ये ढासळला, जेव्हा सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या किंवा खराब झालेल्या असल्याचे तिथेच उघड झाले. कायद्याला वळसा घालून निघालेला मार्ग म्हणजे उसनवारी. मे २०२४ मध्ये घानातील कुमासीच्या मानहिया राजवाडा संग्रहालयात मुख्यतः युद्धांत नेलेल्या आशांती राजवस्तूंपैकी ३२ वस्तू आल्या, १५ ब्रिटिश म्युझियमच्या आणि १७ व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या, तीन वर्षांच्या बोलीवर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने सात वस्तू कायमच्या दिल्या होत्या. व्हिक्टोरिया अँड आल्बर्टचीच वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांसाठी. ती लुटीतली नव्हेत, ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळालेली आहेत, आणि ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत असे ते संग्रहालय खात्रीने सांगत नाही. इकडे मात्र अनेक फलकांवर आणि मथळ्यांत ती ‘परत आली’. करारात ‘उसनी’ आणि फलकावर ‘परत’ असा फरक राहिला, तर मालकीचा प्रश्न सुटल्याचा आभास होतो, आणि तो आभास ज्याच्याकडे मालकी आहे त्याच्या फायद्याचा असतो.

परत आलेल्या वस्तूंवर नाव कुणाचे, हा वाद आता बेनिन शहरातच पेटला आहे. मार्च २०२३ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी बेनिनच्या परत येणाऱ्या वस्तूंची मालकी ओबा एवुआरे दुसरे यांच्याकडे दिली. तिथे उभ्या राहणाऱ्या संग्रहालयाचे नाव आधी ‘एडो म्युझियम ऑफ वेस्ट आफ्रिकन आर्ट’ होते. पुढे ‘एडो’ शब्द गळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनापूर्वीच्या कार्यक्रमात आंदोलक आवारात शिरले, पाहुण्यांना बाहेर काढावे लागले आणि उद्घाटन थांबले. या संग्रहालयाला ‘बेनिन रॉयल म्युझियम’ म्हणावे, अशी त्यांची मागणी होती.