न भिजणारे बीजाणू

शिळ्या भाकरीवर हिरवी बुरशी चढली, की तिच्यावर पडलेला पाण्याचा थेंब अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळतो. ती हिरवी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते भिजत का नाहीत, या प्रश्नाचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट लक्षणीय वाटली: बीजाणूंच्या कवचाचे काम उलगडले, ते कवच हरवलेल्या बीजाणूंमुळे.

कवच दिसले होते आधीच. १९६८ मध्ये हेस, सासेन आणि रेमसेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेनिसिलियमच्या बीजाणूंचा पृष्ठभाग तपासला. त्यावर बारीक काड्या शेजारी शेजारी मांडल्यासारखी नक्षी होती. ती कशासाठी, हे नुसत्या चित्रावरून कळण्याजोगे नव्हते.

दिशा दाखवली न्यूरोस्पोराने. १८४० च्या दशकात पॅरिसच्या बेकऱ्यांत पाव नासवणारी ही नारिंगी बुरशी पुढे आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळांत रुळली. १९७६ मध्ये सेलिट्रेनिकॉफ यांनी तिच्या एका उत्परिवर्तित वाणाची नोंद केली. त्याचे बीजाणू पाण्यात सहज भिजत. १९७८ मध्ये न्यूझीलंडच्या बीव्हर आणि डेम्प्सी यांनी दाखवले, की अशा बीजाणूंवर काड्यांचा थरच नसतो. ते एकमेकांना चिकटून राहतात आणि वाऱ्यावर नीट उधळत नाहीत.

थर कशाचा, हे कळायला आणखी दीड दशक गेले. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील वेसेल्स यांच्या गटाने लाकडावर उगवणाऱ्या एका अळिंबीतील अशा प्रथिनांना ‘हायड्रोफोबिन’ हे नाव दिले. लगेच १९९२ मध्ये न्यूरोस्पोराचे जनुक हाती लागले, तेही दोन वेगळ्या वाटांनी. एक गट बुरशीच्या दैनंदिन जैविक घड्याळाचा शोध घेत होता, दुसरा प्रकाशाच्या परिणामाचा. हायड्रोफोबिनमध्ये सिस्टीनचे आठ रेणू ठरावीक क्रमाने असतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ही प्रथिने आपणहून एकमेकांत गुंफली जातात. तयार झालेला थर इतका चिवट असतो, की उकळत्या डिटर्जंटलाही दाद देत नाही.

हे सारे उड्डाणापुरतेच राहिले असते, तर विषय वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मिटला असता. पण ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे बीजाणू आपण रोज श्वासावाटे आत घेतो. २००९ मध्ये एमानियांडा, लात्झे आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हायड्रोफोबिनचा थर शाबूत असलेल्या बीजाणूंची रोगप्रतिकारक पेशी दखल घेत नाहीत. थर काढला, की त्या लगेच सावध होतात. धडधाकट माणसाच्या फुप्फुसात बीजाणू रुजू लागताच कवच सुटते आणि पेशी त्याचा समाचार घेतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाकडे मात्र तेव्हा लढायला पुरेशा पेशीच नसतात.

न्यूरोस्पोरातील त्या जनुकाचे ‘ईएएस’ हे नाव आजही ‘सहज भिजणारा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच चालते. जनुकाचे काम नेमके उलटे, भिजू न देण्याचे. मला हे नाव बदलू नये असे वाटते. शोध कुठून सुरू झाला, याची ती खूण आहे.